किल्ल्यावरील मावळे आणि बेटावरील पाहुणे : व्हिडिओ गेममधील संग्राह्य वस्तू व सजावटीचा अधिकार

सारांश

‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एक बेट वसवतो आणि सजवतो. या सजावटीत अन्य कल्पित विश्वांतील वस्तू आणता येतात. त्यांपैकी काही वस्तूंसाठी बाजारात विकले जाणारे संग्राह्य कार्ड आवश्यक असते. पुण्यात दिवाळीत मुले मातीचा किल्ला करून त्यावर वर्षानुवर्षे जमवलेली चित्रे मांडतात, तीही अशीच एका लहान जगाची सजावट होय. प्रस्तुत लेखात या दोन्ही रचनांची तुलना करून, सजावटीत कोणती वस्तू येऊ शकते हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, संग्राह्य वस्तू, दिवाळीतील किल्ला, भातुकली, मालकी हक्क.

प्रस्तावना

लहान जग मांडून त्यात रमणे ही बालकांची जुनी आवड आहे. महाराष्ट्रात भातुकली, चैत्रगौरीपुढील आरास आणि दिवाळीतील किल्ला ही तिची परिचित रूपे होत. संगणकाच्या पडद्यावर हीच आवड ‘जीवनानुकरणात्मक खेळ’ या प्रकारात अवतरली आहे. या खेळात शत्रूला हरवायचे नसते, गुण मोजून जिंकायचेही नसते. घर मांडायचे, झाडे लावायची, शेजाऱ्यांशी बोलायचे आणि परिसर सजवायचा असतो. भातुकलीत वाढलेल्या पिढीला हा प्रकार मुळातच अनोळखी वाटू नये.

तथापि, या दोहोंमध्ये एक महत्त्वाचा भेद आहे. भातुकलीत कोणती वस्तू घ्यायची हे खेळणारे ठरवतात. व्हिडिओ गेममध्ये हा निर्णय पुष्कळ अंशी निर्मात्या कंपनीच्या हाती असतो. महाविद्यालयात येणारे विद्यार्थी अशा खेळांतून ‘आपली वस्तू’ म्हणजे काय याची समज घडवत असतात. म्हणून हा भेद नेमका कसा निर्माण होतो, हे अध्यापकांनी समजून घेणे उचित ठरेल.

पुण्यातील किल्ला : एक खुली मांडणी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातील वाड्यांच्या अंगणांत, सोसायट्यांच्या आवारांत आणि शाळांत किल्ले उभे राहतात. दगड-विटांचा ढीग रचून त्यावर गोणपाट टाकायचे, माती कालवून लिंपायची, बुरूज व तट उठवायचे आणि अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवू द्यायची, अशी ही कृती असते. सिंहगड, राजगड, रायगड वा प्रतापगड यांची प्रतिकृती करण्याचा प्रयत्न असतो. काही वेळा किल्ला पूर्णतः काल्पनिकही असतो.

मांडणीला खरी शोभा चित्रांनी येते. कसबा पेठेतील कुंभारवाड्यात आणि दिवाळीच्या हंगामात रस्तोरस्ती लागणाऱ्या दुकानांत सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफा, गवळणी, शेतकरी व वाघ विकत मिळतात. ही चित्रे एका वर्षापुरती नसतात. दिवाळी संपली की ती कागदात गुंडाळून खोक्यात भरून ठेवली जातात आणि पुढील वर्षी त्यांत चार-दोन नव्यांची भर पडते. मान तुटलेला मावळा डिंकाने चिकटवला जातो किंवा बुरुजाआड असा उभा केला जातो की त्याचे व्यंग दिसू नये.

या मांडणीत प्रमाणबद्धतेचा आग्रह नसतो. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि वाघ तोफेपेक्षा मोठा. काळाचा आग्रहही सैल असतो. पायथ्याच्या गावात प्लॅस्टिकची मोटार, आगगाडीचा डबा, रणगाडा किंवा एखाद्या कार्टूनमधील पात्र सहज येऊन बसते. परीक्षक त्याबद्दल गुण कापू शकतात, वडीलधारे हसू शकतात. परंतु ती वस्तू तेथे ठेवण्यापासून मुलाला कोणतीही यंत्रणा रोखत नाही. एका विश्वातील वस्तू दुसऱ्या विश्वात नेण्याची ही क्रिया किल्ल्यावर विनापरवाना घडते.

बेटाची रचना

‘ॲनिमल क्रॉसिंग’ या मालिकेचा पहिला खेळ निंटेंडो या जपानी कंपनीने एप्रिल २००१ मध्ये जपानमध्ये प्रकाशित केला. ‘न्यू होरायझन्स’ हा खेळ निंटेंडो स्विच या यंत्रासाठी २० मार्च २०२० रोजी आला. कोविडच्या साथीमुळे जगभर टाळेबंदी लागू होत असतानाच तो उपलब्ध झाल्याने घरात अडकलेल्या असंख्य लोकांनी तो जवळ केला. त्याच्या ४.५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत.

खेळाडू एका निर्जन बेटावर तंबू ठोकतो. मासे, कीटक, फळे व लाकूड गोळा करून तो पैसे मिळवतो, घर बांधतो आणि बोलक्या प्राण्यांना शेजारी म्हणून वसवतो. अशा रहिवाशांची कमाल संख्या दहा असते. खेळातील घड्याळ प्रत्यक्ष घड्याळानुसार चालते. आज मागवलेली वस्तू उद्याच टपालपेटीत येते. पुढे टेकड्या व नद्यांचे प्रवाह बदलण्याची मुभाही खेळाडूस मिळते. माती लिंपून डोंगर करणाऱ्या मुलाची कृती आणि ही कृती यांत साम्य आहे.

बाहेरच्या विश्वातील वस्तू : प्रवेशाचे तीन मार्ग

बेटावर अन्य खेळांतील किंवा अन्य कंपन्यांच्या पात्रांशी संबंधित वस्तू आणण्याचे मुख्यतः तीन मार्ग दिसून येतात.

पहिला मार्ग सर्वांना खुला असतो. ‘सुपर मारिओ’ या खेळाच्या पस्तिसाव्या वर्षानिमित्त १ मार्च २०२१ पासून मारिओच्या विश्वातील वस्तू खेळातील दुकानातून मागवता येऊ लागल्या. खेळ अद्ययावत करणे एवढीच अट होती. त्यांतील हिरवा नळ विशेष उल्लेखनीय आहे. असे दोन नळ बेटावर दोन ठिकाणी बसवले की एकात शिरून दुसऱ्यातून बाहेर पडता येते.

दुसरा मार्ग अन्य खेळाशी जोडणीचा आहे. ‘ॲनिमल क्रॉसिंग : पॉकेट कॅम्प’ हा मोबाइलवरील खेळ नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला होता. तो ‘न्यू होरायझन्स’शी जोडणाऱ्यास काही खास वस्तू मागवता येत.

तिसरा मार्ग संग्राह्य कार्डांचा आहे. ‘हॅलो किटी’ या पात्रासाठी प्रसिद्ध असलेल्या सॅनरिओ कंपनीच्या सहकार्याने सहा कार्डे २०१६ मध्ये मालिकेतील आधीच्या खेळासाठी निघाली होती. ती २६ मार्च २०२१ रोजी पुन्हा विक्रीस आली. रिला, मार्टी, एत्वाल, चाय, चेल्सी आणि टोबी हे सहा प्राणी त्यांवर आहेत आणि प्रत्येकाचा संबंध सॅनरिओच्या एकेका पात्राशी आहे. रिला ही गोरिला हॅलो किटीची, तर चाय ही हत्तीण सिनॅमोरोलची चाहती आहे. बेटावरील सेवाकेंद्रातील यंत्राला कार्ड दाखवले की त्या प्राण्यास शिबिराच्या जागी बोलावता येते, त्याला कायमचे वसवता येते आणि त्याच्याशी संबंधित फर्निचर व कपडे मागवण्याचा पर्याय दुकानात उघडतो. अमेरिकेत ही कार्डे टार्गेट या एकाच दुकानसाखळीत ठेवली होती आणि ती अल्पावधीत संपली. पुढे जानेवारी २०२६ मधील अद्ययावत आवृत्तीत ‘झेल्डा’ व ‘स्प्लॅटून’ या खेळांतील वस्तूंसाठीही संबंधित संग्राह्य मूर्ती वा कार्ड दाखवण्याची पद्धत अवलंबण्यात आली.

कार्ड नेमके काय करते?

कार्डामुळे नवे फर्निचर खेळात ‘भरले’ जाते, असा समज सहज होऊ शकतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कार्डात एक बारीक चिप असते. ती १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर, काही सेंटिमीटर अंतरावरून वाचली जाते. पुणे मेट्रोचे स्पर्शविरहित कार्ड प्रवेशद्वारावर टेकवताना हेच तत्त्व कार्य करते. संग्राह्य कार्डातील चिपची एकूण क्षमता अवघी ५४० बाइट म्हणजे मजकुराच्या काही ओळींइतकी असते. एका खुर्चीचे चित्रसुद्धा तीत मावणार नाही.

सॅनरिओच्या खुर्च्या, पलंग व गालिचे १८ मार्च २०२१ च्या अद्ययावत आवृत्तीबरोबरच प्रत्येक खेळाडूच्या यंत्रात पोहोचले होते. कार्ड केवळ एक ओळखक्रमांक सांगते. तो जुळला की आधीच आत असलेल्या वस्तूंचे दार उघडते. याचाच अर्थ असा की, ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्याही घरात त्या वस्तू असतात, परंतु कुलपात. किल्ल्यावर मांडलेला मावळा ही स्वतः एक वस्तू असते. येथे विकत घेतलेले कार्ड ही वस्तू नसून किल्ली असते. संग्राहक किल्ली विकत घेतो. खोली मात्र कंपनीची राहते.

तुलनात्मक विचार

या भेदाचे परिणाम तीन बाबतींत जाणवतात.

पहिली बाब टिकाऊपणाची. किल्ला स्वतः अल्पायुषी असतो. काही दिवसांत त्याची माती होते. चित्रे मात्र खोक्यात टिकतात, भावंडांकडे जातात, पुढील पिढीच्या किल्ल्यावरही उभी राहतात. बेटाचे उलट आहे. ते रोज तसेच राहते. परंतु त्याचे आयुष्य यंत्र आणि सेवा यांच्याशी बांधलेले असते. ‘पॉकेट कॅम्प’ची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. खेळाडूंना आपली जमवाजमव ठरावीक मुदतीत नव्या, सशुल्क आवृत्तीत हलवण्याची सोय देण्यात आली होती. मुदत आणि अटी कंपनीच्या होत्या.

दुसरी बाब आशयाची. सप्टेंबर २०२० मध्ये जो बायडेन यांच्या निवडणूक प्रचारासाठी खेळातील अंगणात लावण्याचे फलक प्रसृत झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निंटेंडोने संस्था व व्यावसायिकांसाठी मार्गदर्शक सूचना काढून खेळात राजकारण आणू नये असे कळवले. सूचना योग्य की अयोग्य हा येथे मुद्दा नाही. बेटाच्या अंगणावर अंतिम अधिकार कोणाचा, हे त्यातून स्पष्ट झाले.

तिसरी बाब समान संधीची. येथे किल्ल्याची बाजू सर्वस्वी उजवी ठरत नाही. किल्ल्यास अंगण, माती आणि सवंगडी लागतात. वाडे जाऊन इमारती आल्यावर अनेक मुलांचे अंगण गेले. त्यांना गॅलरीतील प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या तयार किल्ल्यावर समाधान मानावे लागते. मोठी व रेखीव चित्रे महाग असतात आणि तेथेही ऐपतीचा प्रश्न येतोच. बेट मात्र दहाव्या मजल्यावरील मुलाला नदी, टेकडी आणि अंगण देते. परंतु त्यासाठी महाग यंत्र लागते, आणि कार्डांच्या मार्गात तर पैसे असूनही प्रवेश अडू शकतो. कारण वस्तूचा तुटवडा नसताना किल्लीचा तुटवडा निर्माण झालेला असतो.

चौथा मार्ग : स्वतःचा नमुना

वरील चित्र एकांगी होऊ नये म्हणून खेळातील आणखी एका सोयीचा विचार आवश्यक आहे. खेळाडूस ३२ गुणिले ३२ चौकटींच्या जाळीवर पंधरा रंग वापरून स्वतःचा नमुना काढता येतो. तो कपड्यावर, भिंतीवर, जमिनीवर वापरता येतो आणि इतरांना देता येतो. यास कोणतेही कार्ड लागत नाही.

एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या मुक्त संग्रहातील ४ लाखांहून अधिक चित्रे अशा नमुन्यांत रूपांतरित करण्याची सोय केली. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानेही त्याच महिन्यात तसे साधन उपलब्ध करून दिले. दोन्ही संग्रहालयांची दारे त्या वेळी बंद होती. त्यांतील कलाकृती मात्र लोकांच्या बेटांवरील घरांत टांगल्या गेल्या. पैठणीच्या काठावरील मोर, वारलीतील तारपा नृत्याचे वर्तुळ किंवा रांगोळीतील ठिपके हे तर मुळातच जाळीवर बसणारे आकृतिबंध आहेत. त्यांना या मार्गाने बेटावर नेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखा दिवे, अडकित्ते, वाद्ये यांचा समृद्ध संग्रह आहे. अशा संग्रहांतील वस्तूंची मुक्त वापराची छायाचित्रे जितकी उपलब्ध होतील, तितका या चौथ्या मार्गाचा लाभ मराठी विद्यार्थ्यांना होईल.

निष्कर्ष

१. जीवनानुकरणात्मक खेळातील सजावट ही भातुकली व किल्ला यांच्याच कुळातील सर्जनशील कृती आहे. तिला केवळ वेळेचा अपव्यय म्हणून बाजूला सारणे योग्य नाही.

२. तथापि, कार्डावर अवलंबून असलेली संग्राह्य वस्तू ही वस्तू नसून परवाना आहे. ‘विकत घेतले म्हणजे आपले झाले’ हा परंपरागत समज तेथे लागू पडत नाही. ई-पुस्तके, नियतकालिकांचे ऑनलाइन संग्रह आणि संगणकप्रणाली यांच्या बाबतीत महाविद्यालयांनाही हाच अनुभव येतो. वर्गणी थांबली की कपाट रिकामे होते. वाणिज्य, विधी, ग्रंथालयशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना मालकी व परवाना यांतील फरक समजावून देण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे, कारण विद्यार्थ्यांना ते अनुभवाने ठाऊक असते.

३. स्वतः नमुना काढण्याची सोय असेल तेथे खेळाडू पुन्हा कर्ता होतो. म्हणून एखाद्या खेळाचे शैक्षणिक मूल्य ठरवताना त्यात किती वस्तू मिळतात यापेक्षा त्यात स्वतःचे किती आणता येते, हा निकष अधिक ग्राह्य मानावा.

किल्ल्यावरील प्लॅस्टिकची मोटार इतिहासाला धरून नसते, हे खरे. परंतु ती तेथे ठेवावी की काढावी, याचा निर्णय किल्ला करणारे मूल घेते आणि चूक उमगली तर स्वतःच्या हाताने दुरुस्तही करते. नव्या माध्यमांतील खेळांमध्ये हे निर्णयस्वातंत्र्य कितपत शिल्लक राहते, याकडे शिक्षणक्षेत्राने लक्ष ठेवणे आवश्यक आहे.