दगड संपतो तिथे

संपादकांना औंढ्याचं ज्योतिर्लिंग हवं होतं. माझा पाय मात्र बाहेरच्या भिंतीशीच अडकला.

औंढा नागनाथाचा इतिहास चार वाक्यांत सांगून होतो. मूळ देऊळ धर्मराजाने बांधलं अशी श्रद्धा. आजचं यादवकाळातलं, तेराव्या शतकातलं. औरंगजेबाच्या काळात वरचा भाग पाडला गेला आणि अहिल्याबाई होळकरांनी तो पुन्हा उभारला, असं सांगतात. हे ज्योतिर्लिंग आपल्याकडे असल्याचा दावा द्वारका आणि जागेश्वरही करतात, पण तो वाद इथे नको.

भिंत काळ्या दगडाची, कोनाकोनांनी मोडत जाणारी. तळाशी हत्तींची रांग, वर देव, नर्तकी, रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शंकर. शैलीला नाव यादवांच्या प्रधानाचं, हेमाद्रीचं. हात मात्र अनामिक पाथरवटांचे. सांध्यात चुना नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारं कुसू, आणि वरच्या दगडाचं वजन खालच्याला जागेवर दाबून धरतं. टाकी जरा जास्त लागली तर तो भला मोठा धोंडा वाया. इतकी चोख मापं घेणाऱ्याचं नाव कुठे कोरलेलं नाही, याचा मला राग येतो.

गाभारा तर जमिनीखाली. मंडपातून अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरूनच उतरावं लागतं. खाली ताठ उभं राहता येत नाही. नंदी मात्र देवळाच्या मागे आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे हाकललं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळलं आणि नंदी जागच्या जागी राहिला, अशी कथा. नामदेवांची नरसी याच जिल्ह्यात, आणि विसोबा खेचर त्यांना भेटले तेही इथेच, असं परंपरा सांगते. देऊळ फिरल्याचा उल्लेख गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या रचनेतही आहे.

मान वर केली की काळा दगड संपतो आणि विटा-चुन्याचं पांढरं शिखर सुरू होतं. दोन बांधकामांत जवळपास पाचशे वर्षांचं अंतर. अहिल्याबाईंचे उपकार मोठेच, पण त्या सांध्याकडे पाहून काळजी वाटते, कारण इथली जमीन स्वस्थ नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. 21 मार्च 2024 ला पहाटे 4.5 रिश्टरचा धक्का बसला, मागोमाग 3.6 चा, 10 जुलैला पुन्हा 4.5. या आकड्यांनी देवळं पडत नाहीत. पण धक्क्यात बिनचुन्याचा दगड किंचित सरकून पुन्हा बसू शकतो. चुन्यात बांधलेली वीट सरकत नाही, तिला तडा जातो. खालचं एका तऱ्हेने हलणार, वरचं दुसऱ्या. त्यात रंगाचे थर चढले की बारीक भेग डोळ्यांना दिसतही नाही.

अशा भेगेवर काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी रीत आहे: भेग रुंदावली की काच तडकते. खर्च किरकोळ. पण ती काच दर महिन्याला शिखरावर चढून बघायला कुणाला तरी नेमावं लागेल, आणि श्रावणात किंवा महाशिवरात्रीला देवस्थानाची सगळी माणसं खाली दर्शनाच्या रांगेतच गुंतलेली असतात.