पंचनामा आणि पिकाची मदत

शेत पाण्याखाली गेले की चावडीवर एकच विचारणा होते, "सरकार काही देणार का?" सरकार देते. पण किती देते, कोणाला देते आणि ते पदरात कसे पडते, हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

ही मदत आहे, पिकाची पुरी किंमत नव्हे. बी-बियाणे घेऊन शेत पुन्हा उभे करता यावे, एवढाच तिचा हेतू. पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. महाराष्ट्रात या निधीच्या रुपयात बारा आणे केंद्र सरकारचे आणि चार आणे राज्याचे असतात.

पूर, गारपीट, दुष्काळ, अवकाळी पाऊस अशा कारणांसाठी मदत मिळते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तर ती अतिवृष्टी धरतात. पीक निदान ३३ टक्के, म्हणजे तिसरा हिस्सा, गेलेले असावे लागते. २०१५ सालापूर्वी निम्मे पीक गेल्याशिवाय मदत मिळत नसे.

आता दर पाहू. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्र सरकारने असे दर ठरवले होते :

जिरायत पीक : हेक्टरी ८,५०० रुपये.
बागायत पीक : हेक्टरी १७,००० रुपये.
फळबाग : हेक्टरी २२,५०० रुपये.

मर्यादा दोन हेक्टरांची. राज्य सरकार कधी कधी त्यात भर घालते. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात मोठे पूर आले, तेव्हा ही मर्यादा तीन हेक्टर केली होती. म्हणून दर वेळी नवा शासन निर्णय काय आहे, ते विचारावे.

हिशेब करून पाहा. एक हेक्टर म्हणजे १०० आर. हेक्टरी ८,५०० म्हणजे एका आराला ८५ रुपये. दीड एकर म्हणजे सुमारे ६० आर. तेव्हा ६० गुणिले ८५, झाले ५,१०० रुपये. कागदावर ६० च्या जागी ४० पडले, तर हाती ३,४०० च येतील. एका आकड्यापायी १,७०० रुपये गेले!

हा आकडा पंचनाम्यात लिहिला जातो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ते येतील तेव्हा स्वतः बांधावर हजर राहावे. आपले नाव, गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र, जिरायत की बागायत, हे सारे वाचावे. बागायतीचे जिरायत झाले, तर मदत निम्मी होते. वाचल्याशिवाय सही करू नका. अंगठा तर नकोच.

पुढे गावात यादी लागते. तीत आपल्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो. सेतू केंद्रात आधार कार्ड घेऊन जावे आणि ओळख पटवावी, असे सांगितले असेल तर ते लगेच करावे. त्यावाचून पैसे अडतात. पैसे थेट बँकेच्या खात्यात येतात. बँकेने ते जुन्या कर्जात वळते करू नयेत, असे शासन निर्णयात लिहिलेले असते. बँकेने तसे केले तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी.

पीक विमा ही वेगळी बाब आहे. २०२५ च्या खरिपापूर्वी विमा काढलेल्या शेताचे गारपिटीने किंवा पाणी साचून नुकसान झाले, तर ७२ तासांच्या आत कळवावे लागत असे; आता काय नियम आहे, ते विचारून घ्यावे. पंचनामा झाला म्हणजे विम्याची खबर गेली, असे समजू नये.

एक दुखरी गोष्टही सांगितली पाहिजे. मदत सातबाऱ्यावरच्या नावाने येते. नवरा वारला आणि बायकोचे नाव चढलेच नाही, तर तिची मदत अडून बसते. म्हणून वारसनोंद आजच करा, पुराची वाट पाहू नका. बटाईदाराचे तर त्याहून कठीण. बी त्याचे, घाम त्याचा, पण पैसे जातात मालकाच्या खात्यात. ही उणीव अजून दूर झालेली नाही. बटाई ठरवतानाच "मदत आली तर वाटा कसा करायचा" हे दोघांनी कागदावर लिहून ठेवावे. चार ओळी पुरतात. त्या आता तुम्हाला लिहिता येतात.