तबकडीखालच्या चिठ्ठ्या

माझ्या हाती आलेला पहिला फोन मीच नासवला. 1999 सालची गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात, पंख्यांच्या मोटारी आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात, तो काळा डायलचा फोन पडलेला दिसला. शंभर रुपयांना घेतला. घरी आणून रात्रभर साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी तळाचा पत्रा पॉलिश पेपरने लख्ख घासला, त्याला चंदेरी रंग दिला आणि डायलमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडलं. तळावर काही अक्षरं आणि आकडे होते, ते मी वाचलेसुद्धा नाहीत. तो फोन कुठल्या कारखान्यातला, कुठल्या सालचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तो अजून कपाटात आहे. गेल्या पंचवीस वर्षांत चाळीसेक फोन दुरुस्त केले, पण त्याच्याकडे बघितल्याशिवाय नव्या फोनचा पहिला स्क्रू मी काढत नाही.

ती वर्षं असा छंद सुरू करायला फार अनुकूल होती. एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक होत होती, घरोघरी बटणांचे फोन आले होते आणि डायलचे फोन किलोवर भंगारात जात होते. ज्या यंत्रासाठी आपल्या आईवडिलांनी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, ते असं तराजूत पडलेलं बघवत नसे. आमच्याकडे फोन आला तेव्हा त्याच्यासाठी आईने विणलेलं आच्छादन आधीपासून तयार होतं.

बेकलाइट काय असतं हे मला पहिल्या चुकीने शिकवलं. फिनॉल आणि फॉर्मलडिहाइडपासून तयार होणारी ही राळ लिओ बेकलंड यांनी 1907 साली शोधली. फोनच्या कवचासाठी तिच्यात लाकडाचा भुसा मिसळत आणि तापवलेल्या साच्यात दाबून आकार देत. वरचा गुळगुळीत थर म्हणजे दुधावरची साय. ती गेली की आतला भुसा उघडा पडतो, पाणी शोषतो आणि चकाकी पुन्हा येत नाही. म्हणून आता मी ओलसर फडकं फिरवतो, मग मऊ कापडावर किंचित ब्रासो घेऊन हलक्या हाताने चोळतो. बेकलाइट ओळखायची खूणही घासण्यातच आहे. अंगठ्याने जोरात घासून तो भाग गरम केला की दवाखान्यातल्या कार्बोलिकसारखा वास येतो. साध्या प्लास्टिकला तो येत नाही.

फोनची ओळख मात्र कवचावरून पटत नाही, ती तळाशी आणि पोटात असते. आपल्याकडच्या काळ्या फोनचं घराणं विलायती. 1948 साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, उभी राहिली ती लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने. त्यामुळे जुने फोन ब्रिटिश टपाल खात्याच्या फोनचे सख्खे भाऊ वाटतात. त्या ब्रिटिश फोनचा आकारही मुळात नॉर्वेचे चित्रकार ज्यां हाइबर्ग यांनी एरिक्सनसाठी केलेल्या, 1930च्या सुमाराच्या घडणीवरून आलेला. मग तळावरची मालकीची खूण बघायची. ‘पी अँड टी’ असेल तर फोन बहुधा 1985 पूर्वीचा, कारण त्या साली टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. ‘एमटीएनएल’ असेल तर 1986 किंवा त्यानंतरचा आणि मुंबई-दिल्लीतला.

इथवर पुस्तकी ज्ञान झालं. त्याने मला बरीच वर्षं चुकीच्या वाटेने नेलं.

इंग्लंड-अमेरिकेतले संग्राहक फोनच्या प्रत्येक भागावरची तारीख जुळते का ते बघतात. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या फोनमध्ये डायल, घंटी, रिसीव्हर असं सगळं एकाच महिन्याच्या आसपासचं निघालं तर त्याला मोठा मान. मीही तोच हट्ट धरला. एका फोनमध्ये लिव्हरपूलचा रिसीव्हर, बंगळूरचं कवच आणि तिसऱ्याच सालचा डायल निघाला, तेव्हा मी तो ‘भेसळीचा’ म्हणून बाजूला टाकला. खात्यातून निवृत्त झालेले एक लाइनमन काका त्या दिवशी घरी आले होते. त्यांनी तो उचलला, उलटा केला आणि म्हणाले, “अहो, खात्याचा फोन म्हणजे एसटीची गाडी. इंजिन एकीचं, बॉडी दुसरीची. तुम्हाला कोरी हवी होती होय?”

त्या वाक्याने माझा संग्रह बदलला. आपल्याकडे फोन ग्राहकाच्या मालकीचा नसे, तो सरकारचा. बिघडला की लाइनमन पिशवीतून भाग काढून बदली. घर बदललं, जोडणी बंद झाली की फोन परत जाई, दुरुस्त होई आणि दुसऱ्या घरी वाजू लागे. मग जुळत्या तारखांचा फोन आपल्याकडे बरेचदा फार न वापरलेला फोन. ज्याने तीन एक्स्चेंज आणि चार घरं पाहिली, त्याचे भाग एकसारखे असणारच नाहीत. त्या ‘भेसळी’ फोनचा एकही भाग मी बदलला नाही आणि आज तो माझ्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा मानतो.

दुरुस्तीत मला सगळ्यात प्रिय काम डायलचं. आकडा फिरवताना काहीच होत नाही. तबकडी सोडल्यावर ती स्प्रिंगने परत येताना लाइनचा प्रवाह तोडत येते: पाचला पाच वेळा, शून्याला दहा वेळा, सेकंदाला दहाच्या वेगाने. तो वेग सांभाळतो गव्हर्नर. दोन इवलीशी वजनं फिरता फिरता बाहेर फेकली जातात आणि पितळी वाटीच्या आतल्या बाजूला घासतात. त्या घासण्यावर सगळा तोल. मी पहिल्या फोनच्या वाटीत तेल सोडलं, घर्षण गेलं आणि डायल पळत सुटला. आता घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, तोही फक्त आसाला. शून्य फिरवून सोडलं की एका सेकंदाहून जरासा जास्त वेळ घेत, एकसारख्या खरखरीने तबकडी परत आली, की काम झालं. कान हे अचूक सांगतो.

ऑकलंडला राहणाऱ्या माझ्या आतेभावाने एकदा तिकडचा फोन आणला. त्याचे आकडे उलटे होते. मला वाटलं कुणीतरी चकती चुकीची बसवली. पण न्यूझीलंडमध्ये क्रमच तसा, तिथे 1 फिरवला की नऊ ठोके जातात. म्हणून त्यांचा मदतीचा नंबर 111 आणि ब्रिटनचा 999. कानाला दोन्ही अगदी एक.

पितळी, नक्षीदार, ‘राजवाड्यातला’ म्हणून विकला जाणारा फोन आता सर्वत्र मिळतो. मुंबईच्या चोरबाजारातून असा एक घेऊन मी उघडला. आत आयटीआयचा डायल आणि रिसीव्हरची कॅप्सूल होती. म्हणजे एका चांगल्या काळ्या फोनचा जीव घेऊन ही शोभेची वस्तू बनली होती. ही फसवणूक आहे आणि ती घेणाऱ्यांमुळेच चालते.

जुना फोन आजही वाजतो. फायबरच्या जोडणीवर घंटी येते, बोलणं होतं. फक्त बहुतेक ठिकाणी डायलचे ठोके आता समजून घेतले जात नाहीत आणि ‘मराठीसाठी एक दाबा’ला या फोनकडे उत्तर नाही. घरच्यांना मी सांगून ठेवलंय, यावर फोन फक्त घ्या, करू नका.

मागच्या दिवाळीत तो ‘भेसळी’ फोन साफ करताना तबकडीच्या मध्यावरची पारदर्शक चकती काढली. खाली नंबराची कागदी चिठ्ठी होती, सहा आकडी. तिच्याखाली दुसरी, तीही सहा आकडी, वेगळ्या शाईत. सगळ्यात खाली पिवळी पडलेली, बोरूने लिहिल्यासारखी, पाच आकडी. तीन घरं, एकावर एक. त्या चिठ्ठ्या होत्या त्याच क्रमाने परत ठेवल्या.

तुमच्या माळ्यावर असा फोन असेल तर त्याला पाण्यात घालू नका, रंग देऊ नका. आधी उलटा करून तळावरचं सगळं कागदावर उतरवून घ्या. आणि नंबराची चिठ्ठी कितीही मळकी असली तरी फेकू नका.