मुरूम, चिकणमाती आणि मावळतीची वेळ: कोलकात्याच्या पश्चिमेकडील कच्च्या वाटांविषयीचे गैरसमज

डांबरी सडक आणि कच्ची वाट या दोहोंवर चालावी म्हणून जमिनीपासून उंच बांधलेली, चाकांना वर-खाली होण्यासाठी अधिक वाव देणारी, पुढचे चाक मोठे असलेली आणि तरीही रीतसर नोंदणी होऊन रस्त्यावर आणता येणारी मोटरसायकल म्हणजे ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकल होय. भारतात २०११ साली आलेल्या हीरो इम्पल्सला फारसा ग्राहक मिळाला नाही. मात्र २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० बाजारात आल्यावर हा प्रकार नोकरदारांच्याही आवाक्यात आला. पहाटे शहर सोडायचे, दिवसभर गावाकडच्या मुरमाड रस्त्यांवर फिरायचे आणि रात्री घरी परतायचे, असा छंद इतर महानगरांप्रमाणे कोलकात्यातही दिसू लागला. यंत्र विकत घेता येते, रस्त्याची जाण मात्र मातीवरूनच मिळवावी लागते. ती मिळेपर्यंतची पोकळी ऐकीव समजुतींनी भरली जाते, आणि एकट्याने निघालेल्या स्वाराला त्यांतल्या काही समजुती फार महागात पडू शकतात.

शहराची हद्द ओलांडली की कोणत्याही दिशेला खडीचा रस्ता लागतो, ही त्यांतली पहिली समजूत. कोलकाता गंगेच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे नदीने वाहून आणलेल्या गाळावर वसलेले असून या गाळात शेकडो फूट खोल गेले तरी रस्त्याच्या कामाचा दगड सापडत नाही. त्यामुळे दक्षिण आणि उत्तर चोवीस परगण्यांतील जुने ग्रामीण रस्ते विटा उभ्या-आडव्या रचून केलेले असतात आणि खडीच्या जागी बहुधा जास्त भाजून काळपट झालेल्या ‘झामा’ विटांचा चुरा वापरलेला असतो. शिवाय प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाल्यापासून अनेक गावांपर्यंत डांबर पोहोचले आहे आणि गावांच्या आतल्या गल्ल्यांतही सिमेंटचा थर दिसू लागला आहे. खरा मुरमाड मुलूख हुगळी नदीच्या पश्चिमेला, बांकुडा, बीरभूम, झारग्राम आणि पश्चिम मेदिनीपूर या जिल्ह्यांत, म्हणजे ज्याला बंगाली लोक ‘राढ’ म्हणतात त्या भागात सुरू होतो. तिथली तांबडी जमीन कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही, कारण ती जांभ्याचीच आहे. भरपूर पाऊस आणि कडक ऊन यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या परिणामाने खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. त्यांपासून जांभा बनतो. या खडकाला ‘लॅटराइट’ हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली, मलबारातील निरीक्षणांच्या आधारे दिले. विष्णुपूरच्या प्रसिद्ध रासमंचाचा चौथरा याच दगडाचा आहे, आणि गडबेट्याजवळ शिलावती नदीकाठी गनगनी येथे पावसाने कोरलेल्या खोल तांबड्या घळी याच थरातल्या आहेत.

तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकाला वाटेतच एक ओळखीचे नाव भेटते. डानकुनीपासून चंडीतला, शियाखाला, चांपाडांगा या गावांवरून आरामबागकडे जाणारा मार्ग हुगळी जिल्ह्यात आजही अहल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. काशी-गयेच्या यात्रेकरूंसाठी होळकरांच्या या राणीने केलेल्या कामाची स्मृती इंदूरपासून इतक्या दूर, रोजच्या बोलण्यात, बसच्या थांब्यांत आणि दुकानांच्या पत्त्यांत टिकून आहे, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे.

दुसरा गैरसमज असा की खडबडीत नक्षीचे, म्हणजे रबराचे मोठे गट्टे असलेले टायर घातले की कोणत्याही कच्च्या रस्त्यावर पकड मिळते. मुरमाड रस्ता जवळून पाहिला तर त्यात दोन थर दिसतात: खाली वाहतुकीने दाबून फरशीसारखा घट्ट झालेला जांभ्याचा थर आणि त्यावर वाटाण्याएवढ्या, बऱ्याचशा गोलसर, लोहयुक्त खड्यांचा सैल पसारा. टायरचा गट्टा मऊ जमिनीत रुततो म्हणून पकड देतो. इथे मात्र तो खालच्या कठीण थरात शिरू शकत नाही आणि वरचे खडे त्याच्याखाली छर्ऱ्यांसारखे गडगडतात. म्हणून अशा रस्त्यावर अनुभवी स्वार मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्या चाकांनी खडे बाजूला सारून मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून जातो आणि पट्टा बदलायचा झाला तर मधल्या सैल ढिगावर गाडी न कलवता, सरळ आणि सावकाश ओलांडतो. हाच स्वार नदीकाठच्या चिकणमातीवर आला की सारा हिशेब उलटतो: कोरडी चिकणमाती सिमेंटइतकी विश्वासू असते, पण एका सरीनंतर ती टायरच्या खाचांत आणि मडगार्डखाली इतकी दाटते की गट्ट्यांचा टायर आणि गुळगुळीत टायर यांत फरक उरत नाही. चैत्र-वैशाखात दुपारनंतर अचानक येणारे कालबैशाखीचे वादळ तासाभरात अशी वाट बंद करू शकते.

टायरमधील हवा कमी केल्यास पकड सुधारते हे खरे आहे, कारण जमिनीला टेकणारा भाग वाढतो. परंतु जितकी कमी तितकी बरी, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. एक्सपल्स आणि जुनी हिमालयन यांच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते. हवा फार कमी झाली की दगडावर आदळताना ट्यूब रिमच्या कडेखाली चिमटते, किंवा ब्रेक लागताना टायर रिमवरच सरकून व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटते. दुसरीकडे, ट्यूब म्हणजे जुनाट आणि म्हणून धोकादायक, ही समजूतही ग्रामीण बंगालमध्ये टिकत नाही, कारण तिथल्या जवळजवळ प्रत्येक हाटाशेजारी सायकल दुरुस्तीचे दुकान असते आणि ट्यूबला ठिगळ लावणे हे त्या कारागिराचे रोजचे काम असते.

गाडी चालवण्याच्या तंत्राविषयी तर अर्धसत्यांचा सुकाळ आहे. खडीवर हँडल डगमगू लागले की ते घट्ट आवळावे, असे नवख्याला स्वाभाविकपणे वाटते; वस्तुतः पुढच्या चाकाची रचना अशी असते की चालत्या गाडीत ते आपोआप सरळ रेषेकडे परतते, आणि आवळलेले हात ही क्रिया रोखून उलट शरीराचा प्रत्येक धक्का हँडलमध्ये उतरवतात. फूटपेगवर उभे राहून चालवल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, हे विधान तर जाणकारही बिनदिक्कत करतात. उभ्या स्वाराचे धड वर जाते, त्यामुळे गाडी आणि स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य खाली न येता किंचित वर जातो. उभे राहण्याचा लाभ वेगळ्या कारणाने होतो: स्वाराचे वजन आसनाला खिळलेले राहत नाही, गाडी त्याच्याखाली स्वतंत्रपणे डावी-उजवीकडे डोलू शकते, गुडघे व घोटे धक्के शोषतात आणि नजर दूरवर जाते. कारण नीट कळले की सपाट, ओळखीच्या वाटेवर दिवसभर उगाच उभे राहून पाय थकवण्याची गरजही उरत नाही.

ब्रेकच्या बाबतीत ‘खडीवर पुढचा ब्रेक लावूच नये’ हा सल्ला सर्वाधिक प्रचलित आणि कदाचित सर्वाधिक घातक आहे. पुढचे चाक अडून घसरले तर स्वार पडतो हे खरे, पण केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारी गाडी थांबायला बरेच अधिक अंतर घेते, कारण वेग कमी होताना भार पुढे सरकतो आणि मागचे चाक हलके होते. योग्य मार्ग म्हणजे एक-दोन बोटांनी, दाब हळूहळू वाढवत पुढचा ब्रेक लावणे आणि त्याला मागच्याची जोड देणे. चाक अडू न देणारी एबीएस प्रणाली १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींवर २०१९ पासून बंधनकारक आहे, पण सैल खड्यांवर ती थांबण्याचे अंतर वाढवू शकते. अडलेले चाक आपल्यापुढे खड्यांचा बांध रचून जो अडथळा निर्माण करते, तो एबीएसमुळे तयारच होत नाही. म्हणूनच काही गाड्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय दिलेली असते. अर्थात ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा सव्वादोन पट असते, आणि वेगावर ताबा नसेल तर कोणतीही सोय पुरी पडत नाही.

मोठी, वजनदार गाडी खडीवर स्थिर राहते, या समजुतीला एकट्याच्या प्रवासात एकच प्रश्न पुरेसा आहे: ती पडली तर उचलणार कोण? एक्सपल्स २०० साधारण १५५ किलोची, तर नवी हिमालयन साधारण १९६ किलोची आहे. पडलेली गाडी आधी बंद करून गिअरमध्ये टाकावी, ती उजवीकडे पडली असल्यास साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा, आसनाला पाठ लावून खाली बसावे आणि कमरेऐवजी मांड्यांच्या जोराने मागे रेटत ती उभी करावी. हा सराव घराच्या अंगणात जमत नसेल, तर त्या गाडीने एकट्याने जंगलवाट धरू नये.

यापुढचा गैरसमज महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाचा हमखास होतो. सारा देश एकच प्रमाणवेळ पाळतो, पण कोलकाता मुंबईपेक्षा सुमारे साडेपंधरा रेखांश पूर्वेला आहे आणि प्रत्येक रेखांशामागे सूर्य ४ मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, कोलकात्यात तो पाचच्या आधीच गेलेला असतो. विष्णुपूर कोलकात्याहून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. वाटेतल्या बाजारपेठा धरून जाण्याला चार आणि येण्याला चार तास लागतात, आणि वर्षातला सर्वांत लहान दिवस तिथे पावणेअकरा तासांचा असतो. कच्च्या रस्त्यासाठी खऱ्या अर्थाने उरतात ते दोन-अडीच तास. प्रवासाचा आराखडा किलोमीटरांऐवजी या तासांवर बेतावा लागतो.

अंधाराचे भय इथे काल्पनिक नाही. कार्तिक-अग्रहायणात आमन भाताची कापणी होते तेव्हा शेतकरी रस्त्यावरच धान वाळवतात आणि पेंढा पसरतात. पेंढ्यावर चाक तेलावरून गेल्यासारखे निसटते. त्याच हंगामात झारखंडमधील दलमाच्या डोंगरांतून येणारे हत्तींचे कळप झारग्राम, पश्चिम मेदिनीपूर आणि बांकुड्याच्या सालवनांत वावरत असतात आणि संध्याकाळी शेतांकडे निघतात. गावकऱ्यांनी पुढे हत्ती असल्याचे सांगितले तर तिथूनच परत फिरावे. सालवनातली वाट बेवारशी असते हाही भ्रमच आहे: १९७२ साली पश्चिम मेदिनीपुरातील आराबाडी येथे वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी ६१८ कुटुंबांना उत्पन्नात वाटा देऊन १,२७२ हेक्टर उजाड जंगल पुन्हा उभे केले, आणि संयुक्त वनव्यवस्थापनाची देशातली वाटचाल तिथून सुरू झाली. ज्या लोकांनी जंगल राखले, त्यांची परवानगी विचारून आत जाणे हा साधा शिष्टाचार आहे.

शेवटी, एकट्याने जाणे हेच मुळात बेजबाबदारपणाचे, असे म्हटले जाते. एकटेपणामुळे अपघाताची शक्यता वाढतेच असे नाही. इतरांच्या वेगाशी स्पर्धा नसल्याने ती कमीही होऊ शकते. वाढते ती अपघातानंतर कोणाला पत्ताच न लागण्याची शक्यता. म्हणून ठरलेला मार्ग आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी, आणि फोन हँडलवर न लावता अंगावरच्या खिशात ठेवावा, कारण पडलेला स्वार आणि पडलेली गाडी नेहमी जवळजवळ नसतात. मदत करणाऱ्या गावकऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही आता अस्थानी आहे: मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी जबाबदारीतून मुक्त करते, आणि आणीबाणीचा ११२ हा क्रमांक देशभर चालतो. निघणाऱ्याने आपला रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक हेल्मेटच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावा, आणि तो बांगला लिपीतही लिहावा. त्या वाटेवर सर्वांत आधी धावून येणाऱ्या माणसाला तीच लिपी वाचता येत असते.