औषधाची परीक्षा आणि रुग्णाची संमती



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो आहे. ज्या शब्दाचा अर्थ समोरच्याला सांगता येत नाही तो शब्द वापरू नये, असा त्यांचा दंडक होता. पुढे मीही मराठीचा शिक्षक झालो आणि तो दंडक विद्यार्थ्यांना ऐकवीत राहिलो. निवृत्तीनंतर एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर 'सामान्य नागरिक' या नात्याने माझी नियुक्ती झाली. माणसांवर करावयाच्या औषधचाचण्यांना ही समिती परवानगी देते अथवा नाकारते. आजचा विषय मी निवडला त्यास कारण म्हणजे त्या दंडकाचा माझ्याच हातून झालेला भंग. तो प्रथम सांगतो.

आमच्या निपाणीतील गल्लीत एक बाई राहतात. तीस-पस्तीस वर्षे विड्या वळून त्यांनी संसार केला. गेली काही वर्षे त्यांना मधुमेह आहे. एके सायंकाळी त्या सात पानांचा कागदांचा जुडगा घेऊन आल्या. "गुरुजी, मोठ्या दवाखान्यात नवं औषध देत्यात म्हणं. तपासणी फुकट, औषध फुकट, जायायचं भाडंबी देत्यात. हितं सही करू काय?" मी कागद हाती घेतले आणि ओळखले. तीन महिन्यांपूर्वी हेच संमतिपत्र समितीच्या बैठकीत माझ्यापुढे आले होते. त्याची मराठी तपासण्याचे काम माझ्याकडेच होते. दुसऱ्या पानावर एक वाक्य होते : 'सहभागींचे यादृच्छिकीकरण करून त्यांना दोन गटांत विभागण्यात येईल.' बाईंच्या नातीने त्यांना ते वाचून दाखविले होते आणि त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. "ह्यो शब्द तेवढा सांगा." त्या पानावरील शुद्धलेखनाच्या तीन चुका मी दुरुस्त केल्या होत्या. हा शब्द मात्र जसाच्या तसा सोडून दिला होता.

त्या सायंकाळी मी त्यांना जे सांगितले, तेच थोड्या विस्ताराने येथे मांडतो.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने नवे खत विहिरीजवळच्या काळ्या रानात घातले आणि जुने खत माळाच्या मुरमाड पट्टीत. तंबाखू काळ्या रानात जोमाने आला. हा गुण खताचा की रानाचा? कोणालाच सांगता येणार नाही. यावर उपाय एकच : रानाचे सारखे वाफे पाडावे आणि कोणत्या वाफ्यात कोणते खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. म्हणजे बरीवाईट जमीन दोन्ही खतांच्या वाट्याला सारखीच येते. ही पद्धती वैद्यकाने शेतीकडूनच घेतली. इंग्लंडमधील रॉदम्स्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात तिला शास्त्रीय रूप दिले. डॉक्टरही माणूसच असतो. नव्या औषधावर त्याची श्रद्धा असेल तर नकळत तो ते धडधाकट रुग्णाला देईल, किंवा उलट, हातचे जाऊ लागलेल्यालाच देईल. म्हणून निवड त्याच्या हाती ठेवावयाची नाही, चिठ्ठीच्या हाती द्यावयाची. 'यादृच्छिकीकरण' या भारदस्त शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

दुसरी गोष्ट तुलनेची. पुष्कळ विकार आपोआप कमी-अधिक होतात आणि औषध घेतल्याच्या समाधानानेही माणसाला बरे वाटते. म्हणून एका गटास नवे औषध देतात आणि दुसऱ्यास प्रचलित औषध, अथवा दिसायला तशीच पण औषधी द्रव्य नसलेली गोळी. या गोळीला प्लासिबो म्हणतात. आमच्या बाईंनी तिला तत्काळ 'भुलीची गोळी' असे नाव दिले आणि मला ते कोशातील प्रतिशब्दाहून बरे वाटले. कोणाला कोणती गोळी मिळाली हे बहुधा रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही नसते. गुप्त यादी तिसऱ्याच ठिकाणी असते व संकटसमयी ती उघडता येते.

आधुनिक पद्धतीची जी चाचणी आद्य मानली जाते, ती क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची. १९४८ साली ब्रिटनमध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. रुग्ण १०७. त्यांपैकी ५५ जणांना औषध व विश्रांती आणि ५२ जणांना केवळ विश्रांती, कारण औषधच तेव्हा दुर्मीळ होते. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ दगावले, दुसऱ्यातील १४. औषधाचा गुण संशयातीत ठरला. परंतु त्या ५२ जणांना आपण एका तुलनेचा भाग आहोत याची कल्पनाच देण्यात आलेली नव्हती. न्यूरेंबर्ग येथील खटल्यातून १९४७ सालीच संमतीचे तत्त्व पुढे आले होते. तरी ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्यास पुष्कळ वर्षे लागली. १९६४ ची हेलसिंकी घोषणा हा त्या वाटेवरील मोठा टप्पा.

आता आपल्या भागाकडे वळतो. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत झालेली एक चाचणी जगभरच्या प्रसूतिशास्त्रात आधारभूत मानली जाते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. बाळंतपणानंतर वार पडताना गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही तर रक्तस्राव थांबत नाही आणि घटका-दोन घटकांत बाई हातची जाते. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाने हा स्राव रोखता येतो. परंतु ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचणारे शिकलेले हात लागतात. मिसोप्रोस्टॉल हे औषध गोळीच्या रूपात मिळते व नेहमीच्या तापमानात टिकते. घरी अथवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईने ते दिले तर उपयोग होईल काय, असा प्रश्न होता. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील संशोधक यांनी मिळून २००२ ते २००५ या काळात त्याचे उत्तर शोधले. डॉ. रिचर्ड डर्मन, डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर ही त्यातील काही प्रमुख नावे.

चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रातील १६२० स्त्रिया यात सहभागी झाल्या. नाळ कापल्यानंतर पाच मिनिटांच्या आत ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम औषध आणि ८०८ जणींना भुलीची गोळी देण्यात आली. हे काम पंचवीस नर्सबाईंनी केले. रक्त किती गेले हे नजरेने अजमावल्यास अंदाज फार कमी येतो. म्हणून बाळंतिणीखाली अंथरावयाची, मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरण्यात आली. मला या साऱ्या प्रकरणात त्या पिशवीचे कौतुक सर्वांत अधिक वाटते. रेघा मारलेली साधी पिशवी, पण तिच्यामुळे 'बरंच रक्त गेलं' या शब्दांच्या जागी एक आकडा आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील रुग्णालयांतून झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशाच खुणांच्या पिशवीने धोका वेळीच ओळखून उपचार केल्यामुळे गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले.

बेळगावच्या चाचणीचा निष्कर्ष २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. भुलीची गोळी घेतलेल्यांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के होते, औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के. अठरा बाळंतिणींना औषध दिले की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हा हिशेब. थंडी वाजणे व ताप हे त्रास औषधाच्या गटात अधिक दिसले, तेही अहवालात नमूद आहेत. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

येथे माझ्या मनातील खटका लपवणे बरे नव्हे. रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन जगात उपलब्ध असताना आपल्या खेड्यांतील ८०८ स्त्रियांना औषधाविना का ठेवले? नवे औषध हे ठाऊक असलेल्या सर्वोत्तम उपचाराशी ताडून पाहावे, असे हेलसिंकी घोषणा सांगते. यावरचे उत्तर असे, की त्या काळी त्या नर्सबाईंना ते इंजेक्शन देण्याची मुभा नव्हती. म्हणजे चाचणी झाली नसती तरी त्या स्त्रियांना कोणतेच औषध मिळाले नसते. उलट, शिकवलेली परिचारिका, रक्ताचे मोजमाप आणि रुग्णालयात पोहोचविण्याची तजवीज त्यांना मिळाली. मला हे उत्तर पटते. तरीही ते पूर्ण समाधान देत नाही, कारण गरिबाघरी जे नव्हतेच त्याच्याशी तुलना करण्याची सोय गरिबीनेच करून दिलेली असते. समितीत असा प्रस्ताव येतो तेव्हा मी दर वेळी हा प्रश्न विचारतो आणि दर वेळी चर्चा लांबते.

बेळगावचे हे कार्य पुढेही चालू राहिले. पहिलटकरणींना अल्प मात्रेत अॅस्पिरिन दिल्यास दिवस भरण्यापूर्वीची प्रसूती टळते काय, हे पाहण्यासाठी २०१६ ते २०१८ मध्ये सहा देशांतील ११,९७६ स्त्रियांची नोंदणी झाली. भारतातील दोन केंद्रे बेळगाव व नागपूर ही होती. ते प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आले. २०२० साली कोव्हॅक्सिन लशीच्या चाचणीसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने निवडलेल्या बारा संस्थांत बेळगावचे जीवनरेखा रुग्णालय होते. त्या वेळी धडधाकट माणसांनी दंड पुढे केला होता. पहिला टप्पा बहुधा असाच असतो : थोड्या माणसांत औषध सोसते काय हे पाहणे. दुसऱ्यात मात्रा व गुण, तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्णांत तुलना, आणि औषध बाजारात आल्यावर चौथ्यात दूरचे परिणाम.

संमतीच्या बाबतीत आपल्या देशाला धडा मिळाला तो शाळांतूनच. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प राबविण्यात आला. मुली शाळकरी वयाच्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंची वार्ता आल्यावर २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही. परंतु आंध्रातील दोन हजारांहून अधिक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या. या सभागृहात शिक्षक बसले आहेत म्हणून हे मुद्दाम सांगितले. आपली सही पालकाच्या सहीच्या जागी चालत नाही.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातल्यानंतर आणि पुढे २०१९ च्या नियमांनी व्यवस्था पुष्कळ कडक झाली. नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचाच. कायदा जाणणारा एक, किमान एक स्त्री आणि माझ्यासारखा एक सामान्य माणूस. रुग्णास वाचता येत नसेल तर सर्व माहिती सांगितली जात असताना निःपक्षपाती साक्षीदार आरंभापासून अखेरपर्यंत हजर असला पाहिजे. दुर्बल घटकांतील रुग्णांवर अगदी नव्या द्रव्याची चाचणी असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार विनामूल्य आणि भरपाई वेगळी. कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येते व त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

कोणत्या विकारासाठी सध्या रुग्ण घेतले जात आहेत, हे पाहण्याची सोयही आहे. भारताची चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून संकेतस्थळावर सर्वांस खुली आहे. २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी बंधनकारक केली. मधुमेह, क्षय, कर्करोग, संधिवात, आयुर्वेदीय उपचार असे सर्व प्रकार तेथे आढळतात. मजकूर इंग्रजीत आहे, तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुलाला जवळ बसवावे. प्रथम 'भरती' चालू आहे की संपली ते पाहावे. (हा शब्द पोलीस भरतीची आठवण करून देतो, पण रूढ झाला आहे.) मग चाचणीची ठिकाणे पाहावी आणि कोणाला घेतात, कोणाला घेत नाहीत, ते वाचावे. वय, गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार अशा अटींवर पुष्कळजण गळतात. त्यात अपमान नाही, बहुतेक अटी रुग्णाच्या रक्षणासाठीच असतात. नोंदवहीत नाव आहे याचा अर्थ औषध गुणकारी ठरले असा मात्र मुळीच नव्हे. ते ठाऊक नाही म्हणूनच चाचणी आहे.

आमच्या बाईंना मी हे सारे सांगितले. मी त्याच समितीवर आहे, त्यामुळे सही करा किंवा करू नका असे मी सांगणार नाही, हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजे मला काय मिळंल ते डाक्टरलाबी ठावं न्हाई. आन् सगळं संपल्यावर ह्ये औषध इकत घ्यावं लागंल का फुकट मिळंल?" हा प्रश्न आमच्या बैठकीत कोणी विचारला नव्हता. संमतिपत्रात त्याचे उत्तर नव्हते. मी तो लिहून घेतला आणि पुढच्या बैठकीत मांडला. यथावकाश संमतिपत्र दुरुस्त झाले : चाचणीनंतर औषध किती काळ मिळेल याचे एक वाक्य वाढले आणि 'यादृच्छिकीकरण' जाऊन तेथे 'चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे' आले. कन्नड प्रतीतही तसाच बदल झाला.

बाईंनी दोन दिवस विचार केला, जावयाला विचारले आणि सही केली. आठ महिने त्या जात होत्या. पुढे फेऱ्यांच्या दिवशी विड्यांचा रोज बुडू लागला तेव्हा त्यांनी यायचे थांबवले, आणि त्याबद्दल त्यांना कोणी बोलले नाही. आपल्याला खरे औषध होते की भुलीची गोळी, हे त्या मला अधूनमधून विचारतात. निष्कर्ष निघाल्यावर तो प्रत्येक सहभागीला मराठीत व कन्नडमध्ये एका पानावर लिहून पाठवावा, असा अर्ज मी समितीमार्फत संशोधकांकडे दिला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.