बालपणीची प्रतिकूलता आणि कुटुंबाचे स्वास्थ्य : निपाणी परिसरातील अभ्यासाचे काही प्रश्न

बालपणी सोसाव्या लागलेल्या आपत्तींची छाया प्रौढ वयातील प्रकृतीवरही पडते, हे डॉ. विन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट ॲन्डा यांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने निदर्शनास आणले. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवर होणारी हिंसा, घरातील व्यसन वा मनोविकार अशा अनुभवांची त्यात गणना करण्यात आली होती. मात्र ती प्रश्नावली अमेरिकेतील सॅन डिएगो येथील प्रौढांसाठी होती. चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती जशीच्या तशी बेळगाव-निपाणी भागात वापरल्यास तेथील बालपणाचा मोठा भाग प्रश्नांबाहेरच राहील.

निपाणी ही तंबाखूची जुनी बाजारपेठ होय. वखारींतील तंबाखूचे आणि घरोघरी विड्या वळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांनी केले. त्यांच्या संघटित लढ्यावर छाया दातार यांचा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. विडी कामगारांविषयीच्या १९६६ च्या कायद्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोलीची तरतूद होती, परंतु ती कारखान्याच्या जागेपुरतीच. मांडीवर सूप घेऊन घरी विड्या वळणाऱ्या आईचे मूल तंबाखूच्या धुळीतच रांगत असे. अशा घरी मुलाकडे लक्ष अपुरे पडले, तर ती आईची हेळसांड की हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचा परिणाम? आईच्या कामाचे तास न विचारता तिच्या नावे दोष मांडणे अशास्त्रीय ठरेल.

प्रश्न आईच्या बोलीतच विचारले जावेत. 'मानसिक ताण' या शब्दाला न मिळणारे उत्तर 'झोप लागते का?', 'जीव घाबरा होतो का?' या साध्या प्रश्नांना मिळते.

सर्वांत नाजूक बाब गोपनीयतेची आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यान्वये अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीस ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. त्यामुळे 'हे कोणालाही कळणार नाही' असे सरसकट आश्वासन अभ्यासकास देता येत नाही. ही मर्यादा मुलाखतीपूर्वीच सांगावी लागते. ती ऐकून काही माता गप्प राहतील. संशोधनाचे तेवढे नुकसान पत्करणे भाग आहे, कारण फसवून मिळविलेल्या माहितीची किंमत त्या घराला मोजावी लागते.

आपत्तींची बेरीज लोकसमूहाविषयी बरेच सांगते. परंतु तीवरून एकेका बालकाविषयी निर्णय घेऊ नये, असा इशारा स्वतः डॉ. ॲन्डा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दिला. म्हणूनच नोंदपत्रात आपत्तींच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा : आई कामात असताना मूल कोणाजवळ असते – आजी, शेजारीण की अंगणवाडीची सेविका?