संपूर्ण इमेजमधून एकच फाईल

संगणकाचा बॅकअप घेऊन ठेविला आहे, तेव्हां आतां भय कसलें, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्याच बॅकअपांतून गेल्या महिन्यांतील एक पत्रक तेवढें काढून द्या, असें म्हटलें कीं ते गोंधळतात. ह्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. कारण बॅकअप कसा घ्यावा हें सांगणारे लोक तो उघडावा कसा हें बहुधा सांगत नाहींत.

एका कपाटांतील वह्या एकेक करून दुसऱ्या कपाटांत ठेवणें हा बॅकअपाचा एक प्रकार होय. कपाट, त्याचे कप्पे, त्याचें कुलूप व आंतील वह्या ह्या सर्वांसकट तसेंच दुसरें कपाट घडवून ठेवणें हा दुसरा प्रकार. ह्यालाच इमेज म्हणतात. संगणकाची हार्ड डिस्क अगदींच निकामी झाली, तर हें दुसरें कपाट जसेंच्या तसें जागेवर आणून उभें करितां येतें, हा इमेजचा मोठा गुण आहे. परंतु एक वही हवी असतां कपाट बदलावयाचें नसतें, तें नुसतें उघडावयाचें असतें.

हा भेद ध्यानांत न आल्यास काय होतें, ह्याचें एक उदाहरण सांगतों. एका शाळेच्या कचेरींत दहावीच्या अंतर्गत गुणांचें पत्रक पुसलें गेलें. तीन आठवड्यांपूर्वीं घेतलेली इमेज हातीं होती. कारकुनानें घाईघाईनें ‘रिस्टोअर’ हा पर्याय निवडला, आणि सबंध संगणक तीन आठवडे मागें गेला. गुणपत्रक मिळालें खरें. पण मधल्या काळांत भरलेले फीचे हिशेब व शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या नोंदी नाहींशा झाल्या. तें सर्व पावतीपुस्तकांवरून पुन्हां लिहून काढावें लागलें. ज्या मुलांस दाखले हवे होते, तीं बिचारीं तोंवर हेलपाटे घालीत होतीं.

आतां विंडोजच्या स्वतःच्या इमेजचें उदाहरण घेऊं. ही इमेज ‘विंडोज इमेज बॅकअप’ नांवाच्या फोल्डरमध्यें सांपडते. आंत लांबलचक, अर्थहीन नांवांच्या दोनतीन मोठ्या फाइली असतात, व त्यांच्या शेवटीं व्ही. एच. डी. किंवा व्ही. एच. डी. एक्स. हीं अक्षरें असतात. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘अटॅच व्ही. एच. डी.’ ह्या आज्ञेनें ती फाईल जोडली कीं संगणकास जणूं आणखी एक डिस्क लाविल्यासारखें होतें. जोडतांना ‘रीड-ओन्ली’ ह्या चौकोनांत खूण करण्यास विसरूं नये. नुसतें दोनदां क्लिक करूनहि इमेज उघडते. पण मग ती लिहिण्यासाठींहि उघडी राहते, आणि ज्या वस्तूवर आपली सर्व भिस्त, तिच्यांत नकळत फेरफार होऊं शकतो.

येथपर्यंत आलेला मनुष्य बहुधा पुढील अडचणींपाशीं थांबतो. पहिली अगदीं क्षुल्लक आहे: त्यानें त्या दोनतीन फाइलींपैकीं लहान फाईल जोडलेली असते. तींत संगणक सुरू करण्यापुरतेंच साहित्य असतें. आपलीं पत्रकें मोठ्या फाइलींत असतात. दुसरी अडचण, इमेज जोडली जाते पण तिला ड्राइव्हचें अक्षर मिळत नाहीं, म्हणून ती फोल्डरांच्या खिडकींत दिसत नाहीं. तें अक्षर त्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून देतां येतें. तिसरी अडचण जरा नाजूक आहे. प्रत्येक डिस्कला एक ओळखक्रमांक असतो. जिच्यावरून इमेज घेतली ती मूळ डिस्क त्याच संगणकांत असली, तर कांहीं वेळां एकाच क्रमांकाच्या दोन डिस्का विंडोजला दिसतात व ती दुसरीस ‘ऑफलाइन’ ठेविते. तिला बळेंच ‘ऑनलाइन’ केलें, तर तिचा क्रमांक बदलला जातो, आणि पुढें त्याच इमेजवरून संगणक उभा करावयाचा झाल्यास तो सुरू होण्यास अडथळा येऊं शकतो. अशा वेळीं इमेज दुसऱ्या एकाद्या संगणकावर नेऊन उघडावी, हा सर्वांत सोपा मार्ग.

मग फोल्डर दिसतो, फाईलहि दिसते, पण आंत जाऊं लागतांच ‘परवानगी नाहीं’ असें उत्तर मिळतें. येथें पुष्कळांची अशी समजूत होते कीं इमेजच बिघडली. वस्तुतः तसें नसतें. इमेजमध्यें कुलपेंहि आलेलीं आहेत, हें वर सांगितलेंच. जुन्या संगणकावरील मालकाची ओळख नव्या संगणकास पटत नाहीं, एवढाच ह्याचा अर्थ. ‘कंटिन्यू’ दाबून कुलूप बदलूं पाहिलें, तर वाचनापुरत्या जोडलेल्या इमेजमध्यें तें बदलतहि नाहीं. ह्यावर उपाय विंडोजमध्येंच आहे. ‘रोबोकॉपी’ हा कार्यक्रम ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानें चालवून त्यास ‘/बी’ ही खूण दिली, म्हणजे तो बॅकअपाच्या हक्कानें फाईल वाचतो, आणि कुलूप मागें ठेवून केवळ मजकूर आपल्या फोल्डरांत आणून देतो.

ह्याहून निराशाजनक प्रकार असा कीं फाईल दिसते, नांव बरोबर असतें, पण ती उघडत नाहीं. २०१७ सालापासून वनड्राइव्हमध्यें अशी सोय आहे कीं फाईल प्रत्यक्षांत इंटरनेटवर राहते व संगणकावर तिचें नांव तेवढें दिसतें. अशा वेळीं इमेजमध्यें नांवच गेलें, मजकूर गेलाच नाहीं. ती फाईल मग वनड्राइव्हच्या कचऱ्याच्या पेटींत शोधावी. इमेजशीं झगडण्यांत अर्थ नाहीं.

मॅक्रियम रिफ्लेक्टसारख्या निराळ्या कार्यक्रमांनीं घेतलेल्या इमेजची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांत एक पूर्ण इमेज घेऊन पुढें दररोज बदललेला भागच साठवितां येतो. ही एक सांखळी असते. मधला एक दुवा जागा वांचविण्यासाठीं कोणी पुसून टाकला, तर त्याच्या पुढील सर्व दुवे निरुपयोगी होतात. त्याच्या मागील दिवसाची फाईल मात्र अजूनहि मिळते, तेव्हां लगेच हात टेकूं नयेत. शिवाय ती इमेज उघडण्यास तोच कार्यक्रम लागतो. त्या कार्यक्रमाची मोफत आवृत्ति २०२४ सालच्या आरंभीं बंद करण्यांत आली. ज्यांनीं तिच्यावर इमेज घेतल्या, त्यांनीं तो कार्यक्रमहि इमेजशेजारींच जपून ठेवावा हें बरें.

आणखी एक कुलूप बिटलॉकरचें. बंद असलेली डिस्क बाहेरून सुरू केलेल्या कार्यक्रमानें जशीच्या तशी उतरविली असेल, तर इमेज उघडतांना ४८ अंकांची किल्ली द्यावी लागते. ती नसली तर कोणत्याहि कारागिराचा इलाज चालत नाहीं.

फाईल हातीं लागली म्हणजे ती प्रथम निराळ्या फोल्डरांत उतरवावी, तेथें उघडून आंतील आंकडे पाहावेत, व मगच मूळ जागीं ठेवावी. त्या जागीं त्याच नांवाची नवी फाईल असल्यास तिचें नांव आधीं बदलून घ्यावें. त्यानंतर ‘डिटॅच’ ह्या आज्ञेनें इमेज सोडवावी, आणि जिच्यावर ती आहे ती डिस्क काढून कपाटांत ठेवावी.